भयकथेला मंडपात जागा हवी, आमिष म्हणून नव्हे

सीमाभागातल्या ग्रामीण साहित्य संमेलनांचा हंगाम जवळ आला की कार्यक्रमपत्रिकेवरून थोडीफार कुरबुर दरवर्षी होते. यंदा बेळगाव तालुक्यातल्या एका गावात ती भयकथेवरून झाली. ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन या ठरलेल्या क्रमात एक सत्र ब्राम स्टोकर या आयरिश कादंबरीकाराचे आयुष्य आणि त्याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी यांवर ठेवावे, अशी सूचना काही तरुण वाचकांनी केली. बघता बघता तो प्रश्न गावच्या बैठकीतून वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात आणि तिथून प्रत्येकाच्या मोबाईलवर पोहोचला. एका बाजूचे म्हणणे असे की भुताखेतांच्या गोष्टींसाठी आम्ही वर्गणी गोळा करत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की असे काही ठेवल्याशिवाय तरुण पोरे मंडपाकडे फिरकणार नाहीत. माझ्या मते हे सत्र जरूर व्हावे. मात्र ज्या कारणासाठी त्याचे समर्थन चालले आहे, ते कारण विरोधकांच्या आक्षेपाइतकेच चुकीचे आहे.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे : भयकथा हे हलके वाङ्मय आहे. विरोधक ते हलके म्हणून नाकारतात आणि समर्थक ते हलके असले तरी उपयोगी म्हणून स्वीकारतात. जो तरुण ‘ड्रॅक्युला’ साठी मंडपात येईल, तो नंतर आपोआप गंभीर साहित्याकडे वळेल, हा हिशेब वाचकाचाही अपमान करणारा आहे आणि पुस्तकाचाही. एखादे पुस्तक स्वतःच्या बळावर चर्चेला योग्य असेल तर त्याची चर्चा करावी, नसेल तर करू नये. म्हणून आधी तो माणूस कोण होता आणि त्याने हे पुस्तक कसे लिहिले ते पाहणे भाग आहे. आतापर्यंत छापून आलेल्या एकाही पत्रात याविषयी चार ओळी नाहीत.

अब्राहम उर्फ ब्राम स्टोकर ८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळ क्लॉनटार्फ येथे जन्मला. आयर्लंडच्या भीषण दुष्काळाचे ते सर्वांत काळे वर्ष. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत हा मुलगा आजाराने अंथरुणाला खिळून होता आणि त्या काळात आई शार्लट त्याला गोष्टी सांगत असे. तिने लहानपणी स्लायगो या गावात १८३२ ची कॉलऱ्याची साथ डोळ्यांनी पाहिली होती : ओस पडलेले रस्ते, माणसाला माणूस दारात उभे न करणे, आणि जीव जायच्या आधीच पुरले गेलेल्यांच्या कहाण्या. पुढे मुलाच्या विनंतीवरून तिने त्या आठवणी लिहूनही ठेवल्या. आपल्या भागात प्लेगच्या आठवणी घराघरांत होत्या. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलेल्या पिढीने त्या पुढच्या पिढीला सांगितल्या. ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली २६ मे १८९७ रोजी, म्हणजे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावरून रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या महिनाभर आधी. जे आईने साथीत पाहिले ते मुलाने कादंबरीत आणले. न दिसणारे काहीतरी जहाजातून बंदरात उतरते, घरात शिरते, एकामागून एक माणूस फिका पडत जातो आणि शहाणी माणसे कारण शोधत राहतात. याला भुताची गोष्ट म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी साथीचा काळ आठवून पाहावा, आणि तो आठवायला आता आजोबांकडे जाण्याचीही गरज उरलेली नाही.

स्टोकरचे पुढचे आयुष्य तर बेळगावकरांना ओळखीचे वाटावे असे आहे. तरुणपणी तो डब्लिनच्या सरकारी कचेरीत कारकुनीला लागला, न्यायकचेऱ्यांच्या कारकुनांची कर्तव्ये सांगणारे एक जाडजूड पुस्तक त्याने लिहिले, आणि संध्याकाळी तो नाटकांची परीक्षणे लिहीत असे. नोकरी आणि रंगभूमी यांच्या ओढाताणीत शेवटी रंगभूमी जिंकली. १८७८ मध्ये तो हेन्री आयर्व्हिंग या नटश्रेष्ठाच्या लायसिअम नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून लंडनला गेला आणि सुमारे सत्तावीस वर्षे त्याने ते काम केले. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात सरकारी नोकरी करता करता नाटकाच्या वेडाने झपाटले आणि १८८० मध्ये त्यांनी ‘संगीत शाकुंतल’ उभे केले. कचेरीतला माणूस रंगभूमीकडे कसा ओढला जातो हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. स्टोकरच्या बाबतीत तर कचेरीचे वळण थेट कादंबरीत उतरले. ‘ड्रॅक्युला’ ला एक निवेदक नाही. ती रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्राची कात्रणे, जहाजाची नोंदवही आणि फोनोग्राफवर मुद्रित केलेले डॉक्टरांचे टिपण यांची मिळून बनलेली फाईल आहे. तिचा आरंभ होतो तोही एका जमीनजुमल्याच्या व्यवहाराने : लंडनजवळच्या वाड्याचे खरेदीखत घेऊन एक तरुण वकील गिऱ्हाइकाकडे जातो. दस्तऐवजातून संकट घरात येते ही कल्पना या भागातल्या शेतकऱ्याला परकी वाटेल असे मला वाटत नाही.

हे पुस्तक झटपट पैशासाठी खरडलेले आहे, असे एका पत्रात ठासून लिहिले आहे. वस्तुस्थिती अशी की स्टोकरची पहिली टिपणे १८९० च्या मार्चमधली आहेत, म्हणजे तो सात वर्षे या विषयावर काम करत होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावी सुट्टीला गेला. तिथे त्याने कोळ्यांशी आणि किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांशी बोलून माहिती घेतली, थडग्यांवरची नावे उतरवून घेतली, गावच्या बोलीतले शब्द टिपले आणि १८८५ मध्ये तिथे किनाऱ्याला लागलेल्या एका रशियन जहाजाची हकिकत मिळवली. तिथल्या वाचनालयात वालाचिया आणि मोल्डाविया या प्रांतांविषयीचे १८२० चे एक जुने पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले आणि पुस्तकाचा वाचनालयातला क्रमांकसुद्धा त्याने टिपणात लिहून ठेवला. तोवर त्याच्या खलनायकाचे नाव साधेसे ‘काउंट व्हॅम्पिर’ होते. कादंबरीतल्या काउंटचा मुलूख असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियाला तो कधीही गेला नाही. लंडनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या समासात त्याने केलेल्या खुणा २०१८ मध्ये उजेडात आल्या. जगातली सर्वांत प्रसिद्ध भयकादंबरी गावच्या वाचनालयाच्या कपाटातून निघाली, ही गोष्ट बेळगावात, जिथले सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे, म्हणजे स्टोकरहून जेमतेम एका वर्षाने धाकटे आहे, तिथे मुद्दाम सांगायला हवी.

तो प्रत्येक पुस्तकात असाच लिहीत होता असे मात्र नाही, आणि हे कबूल केलेच पाहिजे. त्याच्या इतर बहुतेक कादंबऱ्या आज कोणी वाचत नाही, आणि १९११ मधली शेवटची कादंबरी तर रचनेने विस्कळीत आणि काळ्या माणसांविषयी अत्यंत हीन भाषा वापरणारी आहे. एका चांगल्या पुस्तकाने लेखक सर्वस्वी थोर ठरत नाही. पण तसे तर एका चांगल्या अभंगावर आपल्याकडे कितीतरी संतकवी पिढ्यानपिढ्या टिकून राहिले आहेत, आणि त्याबद्दल आपली तक्रार नसते. स्टोकर २० एप्रिल १९१२ रोजी वारला तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ ने मत दिले की त्याची वाङ्मयीन आठवण राहील ती त्याने लिहिलेल्या आयर्व्हिंगच्या आठवणींमुळे. ‘ड्रॅक्युला’ चा उल्लेख भडक आणि अंगावर काटा आणणाऱ्या प्रकारातले लेखन म्हणून उरकला गेला. त्या कादंबरीची टिपणे पुढच्या वर्षी लिलावात किरकोळ किमतीला गेली. विधवा फ्लॉरेन्सला १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन चित्रपटाविरुद्ध कोर्टात भांडावे लागले. परवानगी न घेता केलेल्या त्या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश तिने मिळवला, तरी नुकसानभरपाई तिच्या हाती पडली नाही. कोणते लेखन टिकेल याचा निवाडा त्या काळचे जाणकार इतक्या आत्मविश्वासाने देऊन चुकले असतील, तर आमच्या गावच्या बैठकीने तो हात वर करून द्यावा का?

आता सर्वांत बळकट आक्षेपाकडे येतो. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले आहे की ज्या भागात आजही करणी, भानामती, गंडेदोरे आणि देवऋषी यांच्या पायी लोक घरे गहाण टाकतात, त्या भागात संमेलनाच्या व्यासपीठावरून रक्तपिपासू मुडद्याची चर्चा करणे बेजबाबदारपणाचे आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याचा नाही. अंधश्रद्धेविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये आणि कर्नाटकाला २०१७ मध्ये कायदा करावा लागला. विवेकाचा आग्रह धरणाऱ्या माणसांचे रक्त आमच्या उत्तरेला कोल्हापुरात आणि दक्षिणेला धारवाडात २०१५ या एकाच वर्षी सांडले. पुण्यात त्याआधी दोन वर्षे. बेळगाव या दोन शहरांच्या मधोमध आहे. शिवाय कादंबरीत लसूण आणि क्रूस यांचा खरोखर परिणाम होतो, आणि जो डॉक्टर या गोष्टींवर विश्वास ठेवायला तयार होतो तोच रोग्याला वाचवू शकतो. म्हणजे गोष्ट वरवर पाहता देवऋषीच्या बाजूची आहे, असे गुरुजी म्हणतात, आणि मजकुरापुरते ते बरोबर आहेत.

तरीही त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एक्झिटर या गावी १८९२ च्या मार्चमध्ये गावकऱ्यांनी मर्सी ब्राऊन या तरुणीचे प्रेत उकरून काढले. तिच्या घरात एकामागून एक माणसे क्षयाने मरत होती आणि भाऊ एडविन खंगत चालला होता. मेलेली मुलगी जिवंतांचे रक्त ओढते आहे अशी समजूत करून घेऊन तिचे काळीज जाळण्यात आले आणि ती राख पाण्यात कालवून भावाला पाजण्यात आली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षे झाली होती. त्या गावकऱ्यांनी कोणती कादंबरी वाचली होती? ‘ड्रॅक्युला’ निघायला अजून पाच वर्षे होती. उलट न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या त्याच ईशान्य भागातल्या, असल्या प्रकारांविषयीचे वर्तमानपत्राचे कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडते. म्हणजे अंधश्रद्धा आधी होती आणि कादंबरी नंतर आली. देवऋषीकडे माणसाला नेते ती असहायता : औषधाला गुण न येणे, दवाखाना लांब असणे, कारण समजावून सांगणारा कोणी नसणे. कादंबरी बंद केली की वाचक दिवा मालवून झोपतो. देवऋषी मात्र पुढच्या अमावास्येला पुन्हा बोलावतो आणि पैसे घेतो. हा फरक लहान मुलालाही कळतो, आणि ज्याला गोष्ट गोष्ट म्हणून ऐकण्याची सवय आहे त्याला तो अधिक चांगला कळतो.

लसणाचा प्रश्न उरतोच. पण रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला हरतो कशाने हे नीट वाचून पाहावे. त्याने मायभूमीतून आणलेल्या मातीच्या पन्नास पेट्या लंडनमध्ये कुठे कुठे गेल्या, याचा माग मालवाहतूकदारांच्या नोंदी आणि हमालांच्या जबान्या यांवरून काढला जातो. मीना ही तरुणी सगळ्यांच्या रोजनिशा टंकलेखन यंत्रावर उतरवून तारखांप्रमाणे लावते, तेव्हा कुठे प्रत्येकाला एकटे दिसलेले तुकडे जुळतात. ती आगगाडीची वेळापत्रके पाठ करते. मीनाची मैत्रीण लूसी काउंटच्या तावडीत सापडते, तिला वाचवण्यासाठी एकामागून एक चार माणसे रक्त देतात, तेही रक्तगटांचा शोध लागण्याच्या आधी; आजचा वैद्यकीचा विद्यार्थी ते प्रकरण वाचून वेगळ्याच कारणाने दचकेल. अफवा, स्वप्न आणि भीती यांच्यातून नोंद, तारीख आणि पुरावा यांकडे जाण्याची ही धडपड शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाइतकीच उपयोगाची आहे. फक्त ती कोणाला तरी दाखवून द्यावी लागते, आणि दाखवून द्यायला साहित्य संमेलनाचे सत्र हीच योग्य जागा आहे.

याहून अवघड आक्षेप पत्रांत कोणी घेतलेला नाही, पण घ्यायला हवा होता. ‘ड्रॅक्युला’ ही परक्याच्या भीतीची कादंबरी आहे. पूर्वेकडचा एक परभाषी माणूस लंडनमध्ये येतो, घर घेतो आणि तिथल्या स्त्रियांचे रक्त पितो. साम्राज्याच्या राजधानीला वाटणारी ही धास्ती स्टोकरने जशीच्या तशी उचलली आहे. त्याच्या जिप्सी पात्रांचे चित्रण तर उघडउघड तुच्छतेचे आहे. १९५६ पासून ज्या जिल्ह्यात भाषेवरून माणसे एकमेकांना परकी ठरवत आली, दुकानाच्या पाट्यांवरून आणि बसच्या फलकांवरून जिथे डोकी फुटली, तिथे परक्याला राक्षस ठरवणारी गोष्ट मिरवावी का?

याचे उत्तर कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे. काउंटच्या किल्ल्यात वकिलाला एक खोली भरून इंग्रजी पुस्तके दिसतात : इतिहास, भूगोल, कायदा, लंडनच्या पत्त्यांची सूची, जुनी मासिके. काउंट त्याला सांगतो की माझ्या मुलखात मला सगळे ओळखतात, पण परमुलखात परका माणूस म्हणजे कोणीच नाही. मी चार लोकांसारखाच दिसलो आणि माझे बोलणे ऐकून कोणी थबकला नाही, हा परका असे म्हणाला नाही, तर मला पुरे. माझ्या उच्चारातली बारीकशी चूकही मला सांगत जा, अशी विनंती तो पाहुण्याला करतो. हे वाचताना सीमाभागातला कोणता मराठी वाचक थांबणार नाही? तहसील कचेरीच्या खिडकीपाशी कन्नडमधला अर्ज हातात धरून तो अडखळतो आणि पुण्यात नोकरीला गेला की त्याच्या मराठीतला कानडी हेल ऐकून तिथले लोक त्याला गाव विचारतात. दोन्हीकडे तोंड उघडले की तो परका होतो. आणि हाच अनुभव हुबळीहून पुण्याला गेलेल्या कन्नड मुलाचाही आहे. स्टोकर स्वतः लंडनमधला आयरिश होता, आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूचा होता आणि राजधानीतल्या बड्या माणसांच्या सेवेत त्याची उमर गेली. त्याने राक्षस रंगवला हे खरे, पण त्या राक्षसाच्या तोंडी त्याने जे घातले ते परकेपणाचे दुःख ज्याने भोगले आहे त्यालाच सुचू शकते. कथेची घटनाभूमीही पाहा : पहिल्याच पानांवर वकील नोंद करतो की त्या मुलखात चार निरनिराळ्या लोकांची वस्ती आहे. तेव्हा हंगेरीकडे असलेला ट्रान्सिल्व्हेनिया १९२० च्या तहाने रुमानियाकडे गेला आणि लोक होते तिथेच राहून दुसऱ्या राज्यात गेले. हे आमच्याखेरीज कोणाला अधिक जवळून कळेल?

राहिला मुद्दा संमेलनाच्या हेतूचा. ही संमेलने मराठीच्या अस्तित्वासाठी आहेत, परदेशी भयकथेसाठी नाहीत, असे म्हणणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्या ठरावामागे पुढे माणसांनी प्राण दिले. पण त्या ठरावाला वजन कशामुळे आले? त्यामागे कादंबऱ्या, नाटके, लावण्या, कविता यांनी भरलेली जिवंत भाषा होती म्हणून. आयर्लंडचेच उदाहरण घ्या. स्वातंत्र्यासाठी जळजळीत कविता लिहिणारी जेन वाइल्ड, जिच्याकडे डब्लिनमध्ये स्टोकरचे जाणेयेणे होते, तिने पुढे आयरिश भुताखेतांच्या लोककथांचा मोठा संग्रह काढला. तिला या दोन कामांत विरोध दिसला नाही. आपल्याकडे याच जिल्ह्यातल्या एकसंब्याच्या जी. ए. कुलकर्णींनी धारवाडात इंग्रजी शिकवता शिकवता मराठी कथेत जो काळोख आणला, तो आपण अभिमानाने मिरवतो. पुण्याच्या नारायण धारपांची पुस्तके मात्र वाचनालयातून घरी नेताना वर्तमानपत्रात गुंडाळतो. दोघांची प्रतिभा एक तोलाची आहे असे मी म्हणत नाही. भीती हा एकाच्या हातात गेला की साहित्याचा विषय होतो आणि दुसऱ्याच्या हातात गेला की होत नाही, हे मात्र मला मान्य नाही.

तेव्हा सत्र ठेवावे, आणि ते दुपारच्या जेवणानंतर, माणसे शेवटच्या बसच्या चिंतेत असताना नको; उद्घाटनानंतर लगेच ठेवावे. एकाने स्टोकरचे चरित्र सांगावे. गावात एमबीबीएस झालेली मुले आहेत, त्यांपैकी एकाने क्षय, रक्तगट आणि मर्सी ब्राऊनच्या राखेविषयी बोलावे. काउंटच्या पुस्तकांच्या खोलीचे प्रकरण सूचना करणाऱ्या तरुणांनी स्वतः मराठीत उतरवून वाचून दाखवावे, म्हणजे त्यांची मेहनतही दिसेल. शेजारच्या गावातल्या एखाद्या कन्नड शिक्षकाला त्याच प्रकरणावर बोलायला बोलवावे. आणि अध्यक्षस्थानी त्या निवृत्त शिक्षकांना विनंती करावी, कारण लसणाचा प्रश्न त्यांनीच विचारला आहे आणि व्यासपीठावरून तो पुन्हा विचारून उत्तर मागण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.